तातडीचं पोटॅशियम आणि बिनघाईची किडनी

माझ्या रक्ततपासणीनंतर आलेल्या पत्रात कामाची वाक्यं दोनच होती. पहिलं : ‘पोटॅशियमची तपासणी तातडीने पुन्हा करून घ्यावी.’ दुसरं : ‘किडनीच्या कार्याची तपासणी ३ महिन्यांनी पुन्हा करावी.’ खाली सहीच्या जागी, हे पत्र संगणकाद्वारे तयार केलेले असल्याने सहीची आवश्यकता नाही, अशी ओळ. सोबत लॅबचा रिपोर्ट. त्यात काही आकडे ठळक छापलेले, आणि त्यांच्या शेजारी कुठे ‘एच’ तर कुठे ‘एल’.

यातून वाचणाऱ्यानं काय घ्यायचं? मी घेतलं ते असं की पोटॅशियमचं काहीतरी भयंकर आहे आणि किडनीचं किरकोळ, नाहीतर तीन महिने कशाला थांबवतील? हिनं घेतलं ते बरोबर उलट. ‘‘तीन महिने थांबा म्हणतात म्हणजे आता घाई करून काही उपयोग नाही, असाच अर्थ झाला ना?’’ तिचा प्रश्न बिनतोड होता. कागद मात्र आम्हा दोघांपैकी कुणाचीच बाजू घ्यायला तयार नव्हता.

थोडी पार्श्वभूमी सांगतो. माझं वय ५४. गुडघेदुखीसाठी बरेच महिने वेदनाशामक गोळ्या चालू होत्या. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक ही त्यातली नेहमीची मंडळी. या गोळ्या किडनीकडे जाणारा रक्तपुरवठा कमी करू शकतात, म्हणून आमच्या फॅमिली डॉक्टर बाईंनी ‘एकदा रक्त बघून घेऊ’ म्हटलं होतं. मला त्रास असा काहीच नव्हता. पण किडनीच्या बाबतीत त्रास नसण्यावरून काहीच ठरत नाही. बरंच नुकसान होईपर्यंत ती गप्प राहते. त्यामुळे ‘मला तर काही होत नाहीये’ हा माझा एकुलता एक दिलासाही कामाचा नव्हता.

माझी मामेबहीण लॅबमध्ये काम करते. रिपोर्टचा फोटो पाठवला, तसा तिचा फोन आला.

‘‘दादा, तू कुठून वाचतोयस?’’

‘‘जिथे ठळक छापलंय तिथून.’’

‘‘सगळे तिथूनच वाचतात. पहिल्या ओळीपासून वाच. मोठ्यानं.’’

मग मी नाव, वय, लिंग, डॉक्टरांचं नाव असं वाचत गेलो. तपासणीचं कारण या रकान्यात ‘दीर्घकाळ वेदनाशामक’ असं लिहिलं होतं. त्यापुढे तीन वेळा होत्या : नमुना घेतला सकाळी ७.४०, लॅबमध्ये पोहोचला ११.५०, रिपोर्ट तयार झाला संध्याकाळी.

‘‘थांब,’’ ती म्हणाली. ‘‘चार तासांच्या वर नळी कुठेतरी पडून होती. आता पोटॅशियमच्या खाली बारीक अक्षरांत काही आहे का बघ.’’

होतं. मी ते आधी कागदाची छपाई समजून सोडून दिलं होतं. ‘नमुना किंचित हिमोलाइज्ड. पोटॅशियमचे मूल्य प्रत्यक्षापेक्षा जास्त दिसू शकते.’

तिनं जे समजावलं ते असं. शरीरातलं बहुतेक पोटॅशियम पेशींच्या आत असतं, रक्तद्रवात अगदी थोडं. रक्त काढताना किंवा नळीतून नेताना तांबड्या पेशी फुटल्या, म्हणजे हिमोलिसिस झालं, की आतलं पोटॅशियम बाहेर येतं आणि यंत्र तेही मोजतं. पेशी न फुटताही नमुन्यातला रक्तद्रव पेशींपासून वेगळा करायला उशीर झाला तर ते पाझरतंच. दंडाला पट्टा बांधून ‘मूठ उघडा, मिटा, उघडा, मिटा’ करायला लावतात ना, त्यानंही आकडा वर जातो. माझी शीर सापडत नव्हती म्हणून त्या दिवशी मी बराच वेळ तो व्यायाम केला होता. आकडा होता ५.६, लॅबची वरची मर्यादा ५.१.

‘‘मग तातडी कशाला? नमुन्याचाच दोष आहे हे लॅबला कळलंय की.’’

‘‘दोष असावा असं कळलंय. पण खरंच ५.६ असेल आणि वाढत असेल तर हृदयाचे ठोके बिघडू शकतात. त्याची परीक्षा तीन महिन्यांनी नाही ना घेता येत. उद्याच दे पुन्हा.’’

दिलं. ४.४ आलं. पोटॅशियमचा विषय तिथेच संपला. तातडीचा शब्द ज्याला लावला होता ते नळीतलं भांडण निघालं, आणि खरं प्रकरण होतं ते ‘३ महिन्यांनी’ या निवांत वाक्यात.

किडनीच्या रकान्यात दोन आकडे होते. क्रिएटिनिन १.४५ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर, शेजारी ‘एच’. आणि ईजीएफआर ५७, शेजारी ‘एल’. म्हणजे एक जास्त, एक कमी. मला वाटलं दोन वेगवेगळ्या तपासण्या दोन वेगवेगळ्या दिशांनी बिघडल्या आहेत. प्रत्यक्षात तपासणी एकच होती. मोजलं गेलं ते फक्त क्रिएटिनिन, म्हणजे किडनी रक्तातून गाळून बाहेर टाकते तो एक टाकाऊ पदार्थ. ईजीएफआर हा कुठल्या यंत्रानं मोजलेला आकडा नसतो. क्रिएटिनिन, वय आणि लिंग एका सूत्रात घालून किडनी मिनिटाला किती रक्तद्रव गाळत असेल याचा संगणकानं केलेला तो अंदाज. सुरुवातीचं ‘ई’ त्या अंदाजाचंच. क्रिएटिनिन चढलं की ईजीएफआर उतरणारच, कारण दुसरा पहिल्यातूनच काढलेला आहे. एकच बातमी दोनदा छापली होती आणि मी ती दोन बातम्या म्हणून वाचत होतो.

आता हे क्रिएटिनिन येतं कुठून? मुख्यतः स्नायूंमधून. ज्याच्या अंगावर स्नायू जास्त त्याचं क्रिएटिनिन किडनी ठणठणीत असूनही वरच्या बाजूला असू शकतं, आणि हाडकुळ्या वृद्ध माणसाचं क्रिएटिनिन किडनी खालावलेली असूनही ‘नॉर्मल’ दिसू शकतं. सूत्राला तुमचे दंड दिसत नाहीत. कपड्यांच्या मापावरून एखाद्याचं वजन सांगावं, तसा हा प्रकार : बहुतेकांच्या बाबतीत जवळपास बरोबर, एखाद्याच्या बाबतीत चांगलंच चुकीचं. सध्या बऱ्याच ठिकाणी २०२१ सालचं सूत्र वापरतात. चांगल्या सूत्रांचीही मर्यादा अशी की दहातल्या साडेआठ-नऊ जणांत अंदाज प्रत्यक्ष मोजणीच्या तीस टक्के अलीकडे-पलीकडे येतो. म्हणजे ५७ हा आकडा छापलेला दिसतो तितका टोकदार नाही. रिपोर्टवर ‘साधारण चाळीस ते पंच्याहत्तरच्या दरम्यान कुठेतरी’ असं छापलं असतं तर मी कदाचित जास्त शांत झोपलो असतो. किंवा अजिबात झोपलो नसतो.

‘एच’ आणि ‘एल’ या अक्षरांबद्दलही एक गोष्ट मला आयुष्याची पन्नास वर्षं उलटल्यावर कळली. लॅब जी मर्यादा छापते ती सहसा निरोगी माणसांच्या मोठ्या गटावरून काढलेली असते. त्यांचे आकडे ओळीनं मांडायचे, वरचे अडीच टक्के आणि खालचे अडीच टक्के सोडायचे, मधले ९५ टक्के म्हणजे ‘नॉर्मल’. म्हणजे व्याख्येनंच दर वीस निरोगी माणसांतला एक मर्यादेबाहेर पडतो. आणि एकाच धडधाकट माणसाच्या एकमेकांशी संबंध नसलेल्या वीस तपासण्या केल्या तर निदान एक तरी आकडा बाहेर पडण्याची शक्यता ६४ टक्के होते. हल्ली पॅकेजच्या नावाखाली साठ-साठ, ऐंशी-ऐंशी तपासण्या करतात. त्यात एकही अक्षर ठळक न येणं हाच चमत्कार. अर्थात सगळ्याच मर्यादा अशा काढत नाहीत. साखर, कोलेस्टेरॉल यांच्या रेषा पुढे धोका कुठे वाढतो ते बघून तज्ज्ञांनी ठरवलेल्या असतात. ठळक छपाईत मात्र हा फरक कुठेच दिसत नाही.

ईजीएफआरची ६० ही रेषाही अशीच ठरवलेली. तिच्या खाली गेलं की ‘क्रॉनिक किडनी डिसीज’, म्हणजे सीकेडी, हा शब्द इंटरनेटवर लगेच भेटतो. मलाही भेटला. पाच टप्पे आणि मी तिसऱ्यात. पाचातला तिसरा म्हणजे निम्मा रस्ता पार, असंच कुणीही समजेल. पण या पायऱ्या सारख्या उंचीच्या नाहीत. ९० आणि वर पहिला, ६० ते ८९ दुसरा, ४५ ते ५९ ‘३ ए’, ३० ते ४४ ‘३ बी’, १५ ते २९ चौथा, १५ च्या खाली पाचवा. आणि पहिल्या दोन टप्प्यांत नुसत्या आकड्यावरून कुणाला रोगी म्हणत नाहीत. त्यासाठी लघवीतून प्रथिनं जाणं किंवा किडनीच्या रचनेत बिघाड असा दुसरा काही पुरावा लागतो. त्यामुळे ज्याचा रोग केवळ रक्ताच्या आकड्यावरून सापडतो तो थेट तिसऱ्यातच उगवतो. आमच्या घरात मात्र ‘तिसरी स्टेज’ हे शब्द कॅन्सरच्या अर्थानं ऐकलेले. हिच्या डोळ्यांत पाणी आलं ते त्या शब्दांमुळे, आकड्यामुळे नव्हे.

डॉक्टर बाईंकडे गेलो तेव्हा मी तो तीन महिन्यांचाच प्रश्न आधी विचारला. थांबायचं का, आणि तोवर काय करायचं?

त्या हसल्या. ‘‘तीन महिने मी नाही ठरवले. ते व्याख्येतच आहेत. क्रॉनिक म्हणायचं तर बिघाड किमान तीन महिने टिकलेला दाखवावा लागतो. आज एक आकडा ५७ आला, यावरून मला एवढंच कळतं की त्या दिवशी सकाळी तो ५७ होता. परवा आणखी कमी झाला असता तर मी तीन महिने थांबले नसते. पण तुमची लघवी व्यवस्थित आहे, सूज नाही, पोटॅशियम ठीक आहे. गोळ्या बंद करू आणि बघू.’’

हे पत्रात एका ओळीत लिहिता आलं असतं. ‘तीन महिने थांबायचं कारण हे की तेवढ्या अवधीशिवाय निदान करता येत नाही.’ बस. संगणकाला तेवढी एक ओळ शिकवायला कुणाचं काय बिघडलं असतं? तीन महिन्यांचा आकडा दिला आणि कारण गाळलं, म्हणून एका घरात त्याचे दोन परस्परविरोधी अर्थ निघाले.

मग त्यांनी विचारलं, ‘‘आधीचे रिपोर्ट आहेत?’’

होते. नोकरीसाठी काही वर्षं परदेशात होतो, तिथला आठ वर्षांपूर्वीचा एक रिपोर्ट फायलीत सापडला. त्यावर क्रिएटिनिन होतं ११२. मी ते बघून खुर्चीतच थिजलो. तेव्हा ११२ आणि आता १.४५? की तेव्हाच किडनी गेली होती आणि कुणी सांगितलं नाही? डॉक्टर बाईंनी शांतपणे एककाकडे बोट दाखवलं. तिथे मायक्रोमोल प्रति लिटर होतं. ८८.४ नं भागायचं. ११२ चे झाले १.२७.

साखरेचंही असंच असतं. काही देशांत मिलिग्रॅम, काहींत मिलिमोल, आणि मधला गुणक १८. एकाच्या कागदावरची ७ आणि दुसऱ्याच्या कागदावरची १२६ ही एकच साखर. आकडा वाचायच्या आधी त्याच्या शेजारचं एकक वाचायचं, हे शाळेत पदार्थविज्ञानाच्या बाईंनी कानीकपाळी ओरडून सांगितलं होतं. तेव्हा ते फक्त गुण कापायला काढलेलं कारण वाटायचं.

जुन्या रिपोर्टवर ईजीएफआरच्या जागी नुसतं ‘६० पेक्षा जास्त’ एवढंच होतं. पूर्वीच्या सूत्राचा अंदाज वरच्या आकड्यांसाठी फारसा भरवशाचा नसे, म्हणून बऱ्याच लॅब असं छापायच्या. आज ५७ आणि तेव्हा ‘६० पेक्षा जास्त’ हे शेजारी ठेवलं तर ती घसरण आहे की नाही हे कळायला मार्गच नाही. बाईंनी जुनं क्रिएटिनिन आणि माझं तेव्हाचं वय आजच्या सूत्रात घालून बघितलं : ७१. म्हणजे मुळातच मी नव्वद-शंभरवाला माणूस कधी नव्हतो. चाळिशीनंतर हा आकडा दरवर्षी साधारण एकानं उतरतो असं मानतात. ७१ वरून आठ वर्षांत त्रेसष्टच्या आसपास यायला हवं होतं, आलं ५७. प्रश्न मधल्या फरकाचा होता. आणि हा प्रश्न ‘तुमची किडनी तिसऱ्या स्टेजला आहे का’ यापेक्षा किती लहान आणि किती नेमका आहे बघा.

त्या फरकाचे संशयित दोन होते. एक अर्थातच गोळ्या. दुसरा मला सुचलाच नसता. बाईंनी विचारलं, ‘‘रक्त द्यायला कसे गेला होतात? पाणी प्यायला होतात?’’ चिठ्ठीवर ‘१२ तास उपाशीपोटी’ असं छापलेलं. उपाशी म्हणजे पाणीसुद्धा नाही, असा अर्थ मी आणि त्या रांगेतल्या बहुतेकांनी घेतलेला. पाणी चालतं, ते कुठे लिहिलेलं नव्हतं. त्यात आदल्या संध्याकाळी मी दमेपर्यंत चाललो होतो. अंगातलं पाणी कमी झालं की क्रिएटिनिन तात्पुरतं वर जातं.

पोटाची सोनोग्राफीही झाली आणि तिचा वेगळा कागद आला. त्या कागदानं पुन्हा सगळं ढवळून काढलं. ‘डाव्या किडनीच्या वरच्या ध्रुवाजवळ १४ मिमीची साधी गाठसदृश पोकळी, बॉस्निअॅक १. यकृतात पहिल्या श्रेणीची मेदवृद्धी. प्रोस्टेट किंचित मोठी.’ आणि शेवटी तो सुप्रसिद्ध सल्ला : ‘क्लिनिकल परिस्थितीशी पडताळून पाहावे.’ मी किडनीसाठी गेलो आणि तीन अवयवांच्या तक्रारी घेऊन परत आलो.

मामेबहिणीनं आधी जे शिकवलं होतं तेच इथे वापरलं. वरची ओळ काय? ‘क्रिएटिनिन वाढले आहे, किडनीचा आकार व अडथळा पाहावा.’ हा प्रश्न. त्याचं उत्तर अहवालाच्या मध्यावर, कुठल्याही ठळक छपाईशिवाय होतं : दोन्ही किडन्यांचा आकार नॉर्मल, आतला-बाहेरचा थर वेगळा ओळखू येतो, खडा नाही, मूत्रमार्ग फुगलेला नाही. ज्यासाठी फोटो काढला ते सगळं ठीक होतं. बाकीचं म्हणजे वाटेत जे दिसलं त्याची नोंद. आणि ती नोंद करणं रेडिओलॉजिस्टचं कामच आहे. दिसलेलं न लिहिणारा रेडिओलॉजिस्ट कुणाला हवाय? बॉस्निअॅक हा पोकळ्यांचं वर्गीकरण करण्याचा प्रकार, आणि त्यातला १ म्हणजे पातळ भिंतीची, स्वच्छ पाण्यानं भरलेली पोकळी. पन्नाशीनंतर अशा पोकळ्या भरपूर लोकांत सापडतात आणि त्यांच्यामागे लागायचं नसतं. ‘पडताळून पाहावे’चा अर्थ धोका लपवलाय असा नसून, मला फक्त सावल्या दिसल्या आहेत, माणूस तुमच्यासमोर बसलाय, तेव्हा तुम्ही ठरवा, इतकाच. हे वाक्य डॉक्टरसाठी लिहिलेलं असतं. चुकून आपण वाचतो.

गुडघ्याचाही एमआरआय त्याआधी झाला होता, तोही याच नजरेनं पुन्हा काढून वाचला. कमरेच्या आणि गुडघ्याच्या एमआरआयवर झीज हा शब्द नाही असं वय वाढल्यावर फारसं होतच नाही. कंबर मुळीच न दुखणाऱ्या लोकांच्या तपासण्या एकत्र करून २०१५ साली एक आढावा प्रसिद्ध झाला होता. त्यात विशीतल्या ३७ टक्के लोकांच्या आणि ऐंशीच्या घरातल्या ९६ टक्के लोकांच्या मणक्यांतल्या चकत्यांची झीज दिसली होती. दुखत तर कुणाचंच नव्हतं. ‘चकती झिजलीय’ असं कागदावर वाचून जो वाकायचंच बंद करतो, त्याला हा आकडा कुणीतरी सांगायला हवा.

पुढे किडनीच्या तज्ज्ञांचं पत्र आलं. ते डॉक्टर बाईंना उद्देशून होतं, मला फक्त प्रत. स्वतःबद्दल तिसऱ्या पुरुषात वाचणं हा एक वेगळाच अनुभव आहे. ‘हे ५४ वर्षांचे गृहस्थ धूम्रपान नाकारतात.’ म्हणजे मी करत नाही असं सांगितलं होतं. कागदावर मी आरोपीच्या पिंजऱ्यात उभा होतो. या शैलीत लबाडी नाही, जुनी सवय आहे. ब्रिटनमध्ये तिथल्या वैद्यकीय रॉयल कॉलेजांच्या अकादमीनं २०१८ साली, बाह्यरुग्ण विभागाची पत्रं थेट रुग्णालाच उद्देशून आणि त्याला कळेल अशा भाषेत लिहा, डॉक्टरला प्रत पाठवा, अशी मार्गदर्शिका काढली. मला ती कल्पना फार पटते. अमेरिकेत २०२१च्या एप्रिलपासून बहुतेक रिपोर्ट तयार होताच रुग्णाला बघायला मिळतात, कित्येकदा डॉक्टरच्याही आधी. कागद लवकर हातात पडणं हा आपला हक्कच आहे, याबद्दल माझं दुमत नाही. पण लिहिण्याची पद्धत न बदलता फक्त पोस्टमनचा रस्ता बदलला, तर रात्री अकरा वाजता मोबाइलवर ‘३ ए’ वाचणाऱ्या माणसाचं काय?

तज्ज्ञांच्या पत्रात सगळ्यात महत्त्वाची ओळ शेवटून दुसरी होती. ‘३ महिन्यांनी क्रिएटिनिन, लघवीतील अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर व सिस्टॅटिन सी करावे.’ करावे. कुणी? तज्ज्ञांना वाटत होतं फॅमिली डॉक्टर करतील. फॅमिली डॉक्टरांकडे प्रत पोहोचलीच नव्हती, आणि तज्ज्ञ बोलावतील असं त्या धरून चालल्या होत्या. मी फोन केला नसता तर दोन्ही बाजूंनी सभ्यपणे वाट बघितली गेली असती. तेव्हापासून कुठलंही वैद्यकीय पत्र आलं की मी त्यातल्या कर्ता नसलेल्या वाक्यांखाली पेन्सिलीनं रेघ मारतो आणि फोन करून विचारतो, हे कोण करणार आणि मला कळवणार कोण? ‘काही असेल तर कळवू’ हे उत्तर मी घेत नाही. काही नसलं तरी कळवा म्हणतो, कारण शांततेचा अर्थ ‘सगळं ठीक’ असाही होतो आणि ‘कागद हरवला’ असाही.

तपासणी झाली. या वेळी पाणी पिऊन गेलो, आदल्या दिवशी दमणूक केली नाही, गोळ्या केव्हाच बंद होत्या, आणि लॅब तीच ठेवली, म्हणजे यंत्र आणि पद्धत बदलल्यानं फरक पडला की काय ही भानगड नको. क्रिएटिनिन १.२९. ईजीएफआर ६६. लघवीतल्या अल्ब्युमिन या प्रथिनाचं गुणोत्तर ८. तीसच्या आत हवं. सिस्टॅटिन सी हे स्नायूंवर फारसं अवलंबून नसणारं प्रथिन, शरीरातल्या जवळपास सगळ्याच पेशी ते बनवतात. त्यावरून काढलेला ईजीएफआर ७९ आला. त्यालाही त्याची भुतं आहेत. थायरॉइड, स्टेरॉइड, धूम्रपान यांनी तो हलतो. पण माझ्या बाबतीत यातलं काही नव्हतं. (धूम्रपान मी नाकारतोच.)

‘‘मग सीकेडी आहे की नाही?’’ मी विचारलं.

‘‘नाही. पण किडनीला जपून वागवायचं. वर्षातून एकदा क्रिएटिनिन आणि लघवी, रक्तदाब अधूनमधून, आणि त्या गोळ्या नकोत. गुडघ्यासाठी व्यायाम, आणि दुखलंच तर पॅरासिटामॉल.’’

मला वाटलं, झालं. पण कागद इतक्या सहज सोडत नाहीत. काही महिन्यांनी दुसऱ्याच कामासाठी दुसऱ्या एका दवाखान्यात गेलो, तर त्यांच्या पत्रात पहिल्याच परिच्छेदात छापून आलं : ‘ज्ञात रुग्ण : सीकेडी ३ ए.’ विचारपूस केली तेव्हा कळलं, पहिल्या ५७ च्या वेळी संगणकानं माझ्या नोंदीत आपोआप तो शिक्का टाकला होता आणि पुढचा प्रत्येक कागद तिथूनच मजकूर उचलत होता. नवा ६६ नोंदीत होता, पण त्यानं जुना शिक्का पुसला जात नव्हता. शिक्का लावायला संगणक पुरतो, काढायला माणूस लागतो.

बाईंकडे लेखी विनंती दिली. नव्या तीनही आकड्यांची प्रत जोडली. त्यांनी यादीतून निदान काढलं आणि दुसऱ्या दवाखान्याला तसं दोन ओळींचं पत्र पाठवलं. ते पत्र मात्र मला अगदी सरळ समजलं. आता माझ्या नोंदीत किडनीच्या पुढे ‘वार्षिक तपासणी’ एवढंच आहे. ‘वेदनाशामक टाळावेत’ ही ओळही त्या काढायला निघाल्या होत्या, ती राहू द्या असं मीच सांगितलं.